‘किती जणांत एक?’ : आनुवंशिक विकारांचे आकडे आणि आपला निर्णय

आनुवंशिक विकारांविषयी समुपदेशन करण्याचे काम मी गेली बरीच वर्षे करीत आले आहे, आणि या काळात आलेल्या पत्रांत, तसेच समोरच्या खुर्चीवर बसून विचारल्या गेलेल्या शंकांत, एकच प्रश्न निरनिराळे वेष घेऊन पुनःपुन्हा उभा राहिलेला मी पाहिला आहे: ‘हा विकार किती जणांत एकाला होतो?’ नुकताच चौथा महिना लागलेली एखादी तरुणी रक्ततपासणीच्या कागदावरचा ‘१:२३०’ हा आकडा दाखवून तो विचारते. नातवाला डाऊन सिंड्रोम असल्याचे कळलेली आजी ‘आमच्या सात पिढ्यांत असे कोणी नाही’ असे म्हणून तोच विचारते. आणि अमेरिकेत एकतीस मुलांत एक मूल स्वमग्न निघते असे वाचलेला बाप, ही साथ आपल्या दारापर्यंत आली की काय, या धास्तीने तोच विचारतो. प्रश्न एक असला तरी या तिघांना हवी असलेली उत्तरे तीन वेगळ्या जातीची आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली गेल्यामुळे निष्कारण रडणारी घरे जशी मी पाहिली, तशीच वेळेवर करावयाची साधी तपासणी न केलेलीही पाहिली. म्हणून पुढे आकडे देताना, तो आकडा हाती आल्यावर आपण काय करावे, हेही त्याच्या शेजारी लिहिले आहे.

आकड्याचा छेद आधी विचारावा

शाळेत अपूर्णांक शिकताना अंश आणि छेद हे दोन शब्द आपण सर्वांनी घोकले. परंतु विकारांच्या बाबतीत अंशाकडेच, त्या ‘एका’कडेच, आपली दृष्टी खिळून राहते आणि छेद कशाचा आहे हे विचारावयाचे राहून जाते. सातशेत एक म्हणजे कोणत्या सातशेत? जिवंत जन्मलेल्या बालकांत, की राहिलेल्या सर्व गर्भांत? मुलींत, की मुलग्यांत? कोणत्या देशात, कोणत्या वर्षी, आणि कितव्या वर्षाला मोजले? हा खुलासा सोबत नसेल तर तो आकडा आपल्या निर्णयास निरुपयोगी समजावा. खालील आकडे त्या खुलाशासह वाचावेत.

- डाऊन सिंड्रोम: ७०० ते १००० जिवंत जन्मांमागे १. गर्भधारणांत हे प्रमाण याहून अधिक असते. कारण असे कित्येक गर्भ आपोआप पडून जातात.
- टर्नर सिंड्रोम: केवळ मुलींत, २००० ते २५०० मुलींमागे १.
- क्लाइनफेल्टर सिंड्रोम: केवळ मुलग्यांत, ५०० ते १००० मुलग्यांमागे १. इतका सामान्य असूनही आपण त्याचे नाव क्वचितच ऐकतो. कारण लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी होईपर्यंत पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो, आणि काहींना तो जन्मभर लागत नाही.
- ड्युशेन स्नायुविकार: ३५०० ते ५००० मुलग्यांमागे १.
- फ्रॅजाइल एक्स: सुमारे ४००० मुलग्यांमागे १. पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचे हे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे.
- बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळणे (डीजॉर्ज): सुमारे ४००० जन्मांमागे १.
- विल्यम्स, अँजेलमन, प्रॅडर-विली: यांचे प्रमाण साधारणतः साडेसात हजारांत १ पासून पंचवीस हजारांत १ पर्यंत, रेट सिंड्रोम सुमारे १०,००० मुलींमागे १.
- सेरेब्रल पाल्सी: १००० जन्मांमागे २ ते ३. हा बहुतांशी आनुवंशिक नव्हे. अकाली प्रसूती, जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, दुर्लक्षित राहिलेली तीव्र कावीळ ही त्याची नेहमीची कारणे.
- जन्मजात बहिरेपणा: १००० जन्मांमागे १ ते ३.

या यादीवरून नजर फिरवताना एक मूळ आकडा मात्र विसरू नये. सर्व प्रकारचे गंभीर जन्मदोष एकत्र मोजले तर जन्मणाऱ्या प्रत्येक शंभर बालकांत दोन ते तीन बालकांत काही ना काही दोष आढळतो, आणि हा धोका निरोगी, तरुण, नात्याबाहेर लग्न केलेल्या, पथ्यपाणी सांभाळणाऱ्या दांपत्यालाही असतो. शून्य धोका असलेली गर्भधारणा नसते. तेव्हा आपल्यापुढे ठेवलेला कोणताही आकडा या दोन-तीनच्या शेजारी ठेवूनच तोलावा.

स्वमग्नतेच्या आकड्याने जो गोंधळ माजवला आहे तोही छेदाचाच आहे. अमेरिकेतील सरकारी नोंदीत २००० साली आठ वर्षांच्या दीडशे मुलांत एक असे जे प्रमाण होते, ते २०२२ साली एकतीसांत एक झाले. आणि जागतिक आरोग्य संघटना साऱ्या जगासाठी, २०२१ सालचा अंदाज म्हणून, १२७ जणांत एक असे सांगते. दरम्यान व्याख्या रुंदावली. ज्या मुलांवर पूर्वी केवळ ‘मतिमंद’ असा शिक्का बसे त्यांच्यातील स्वमग्नता ओळखली जाऊ लागली. आणि शाळा, दवाखाने व पालक यांची नजर तयार झाली. या वाढीचा मोठा भाग मोजणीच्या बदलाचा आहे. आपल्या देशापुरते बोलावयाचे तर पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपला उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी घरोघर जाऊन केलेली एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दोन ते सहा वर्षांच्या मुलांपैकी ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १३.६ टक्के मुलांत विकासाचा किमान एक दोष आढळला. मोठ्या मुलांत प्रमाण अधिक दिसते म्हणून वय वाढेल तसा आजार वाढतो असे कोणी समजू नये. सहा वर्षांपुढील मुलांच्या बाबतीत अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता हे दोन जादा विकार मोजणीत धरले होते. शिवाय ठिकाणाठिकाणांत तीन टक्क्यांपासून एकोणीस टक्क्यांपर्यंत तफावत पडली, यावरून ‘भारतातील आकडा’ म्हणून एकच एक संख्या कोणी आपल्यापुढे ठेवल्यास ती किती सावधपणे घ्यावी, हे ध्यानात येईल.

अहवालावरचे ‘१:२३०’

माझ्या टेबलाच्या खणात एक लहान डबी आहे, आणि तीत ज्वारीचे मोजून दोनशे तीस दाणे आहेत. त्यांतला एक दाणा कुंकवाने रंगवलेला आहे. चार घड्या घातलेला अहवाल उलगडून, त्यावर तांबड्या अक्षरांत छापलेल्या ‘हाय रिस्क’ या शब्दांवर बोट ठेवून जेव्हा एखादी ताई ‘म्हणजे बाळाला आहेच ना?’ असे विचारते, तेव्हा मी ती डबी स्टीलच्या ताटलीत रिकामी करते आणि तो लाल दाणा शोधावयास सांगते. परवाच एकीला तो सापडावयास बराच वेळ लागला; तिने दोन्ही तळहातांनी दाणे पसरले, पुन्हा गोळा केले, आणि सापडल्यावर तो चिमटीत धरून ती काही वेळ नुसती पाहत राहिली. ‘आहे खरा,’ ती म्हणाली, ‘पण केवढासा.’ मला तिला हेच सांगावयाचे होते. दाणा नाही असे मी म्हणत नाही. परंतु ताटलीतले उरलेले दोनशे एकोणतीस दाणेही तितकेच खरे आहेत.

प्रयोगशाळा साधारणतः दोनशे पन्नासांत एक किंवा त्याहून अधिक शक्यता आली की ‘हाय रिस्क’ असा शेरा मारतात. तो शेरा म्हणजे निदान नव्हे. पुढची तपासणी आपणांस देऊ करावी, एवढ्यापुरती ती सूचना असते. चाळणी चाचणी आणि निदान चाचणी यांतला हा भेद मनात पक्का असला म्हणजे पुढील क्रम समजण्यास अडचण पडणार नाही.

1. ११ ते १३ आठवडे ६ दिवस: मानेमागील द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी आणि डबल मार्कर रक्तचाचणी, दोन्ही एकत्र. डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभर गर्भांपैकी पंचाऐंशी ते नव्वद या चाळणीत सापडतात, आणि तो नसलेल्या शंभरांपैकी सुमारे पाच जणींना विनाकारण धोक्याचा इशारा मिळतो. यांपैकी एकच तपासणी करून भागवणे म्हणजे चाळणीची अर्धी जाळी काढून टाकणे होय.
2. १० आठवड्यांनंतर केव्हाही: आईच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएची तपासणी, म्हणजे एन.आय.पी.टी. ही खर्चिक आहे, फार अचूक आहे, आणि तरीही चाळणीच आहे.
3. ११ ते १४ आठवडे: वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन तपासणी, अथवा सोळाव्या आठवड्यापासून गर्भजलाची तपासणी. निदान होते ते येथे. या तपासण्यांतील सुईमुळे गर्भपात होण्याची भीती पूर्वी फार सांगितली जात असे. अनुभवी हातांखाली तशी शक्यता काही शेकड्यांत एक इतकीच असते.
4. १८ ते २० आठवडे: अवयवांची सविस्तर सोनोग्राफी. मागील सर्व अहवाल चांगले आले असले तरीही ती करावी. हृदय, पाठीचा कणा, मूत्रपिंडे यांचे बहुसंख्य दोष गुणसूत्रांच्या तपासणीत दिसत नाहीत.

एन.आय.पी.टी.विषयी थोडे थांबून सांगणे अवश्य आहे. कारण ‘नव्याण्णव टक्के अचूक’ या जाहिरातीने सुशिक्षित कुटुंबेही फसतात. पंचवीस-तीस वर्षांच्या दहा हजार गर्भवती घ्या, आणि त्यांच्यात डाऊन सिंड्रोमचे प्रमाण हजारात एक धरा. बाधित गर्भ दहा. चाचणी ते जवळपास सर्व पकडील. आता हजारात एकीला जरी ती चुकून ‘आहे’ म्हणाली, तरी अशा चुकीच्या होकारांची संख्या पुन्हा दहा होते. म्हणजे वीस जणींच्या हाती तोच होकार येतो आणि त्यांपैकी दहा जणींचे बाळ त्या विकारापासून मुक्त असते. चाळिशीतील दहा हजार स्त्रिया घेतल्या तर बाधित गर्भ शंभराच्या आसपास, चुकीचे होकार तेच दहा. येथे होकार दहांत नऊ वेळा खरा ठरतो. प्रयोगशाळा तीच, कागद तोच, शब्द तेच; वयाने छेद बदलला आणि अर्थ पालटला. सबब, एन.आय.पी.टी.चा होकार हाती आला म्हणून त्या एका कागदावर गर्भपाताचा निर्णय कोणीही घेऊ नये. गर्भजलाची तपासणी मागावी, आणि ‘आता तिची गरज नाही’ असे कोणी म्हटल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

आईच्या वयाप्रमाणे डाऊन सिंड्रोमची शक्यता स्थूलमानाने अशी चढते: विसाव्या वर्षी १५०० त १, तिसाव्या वर्षी ९०० त १, पस्तिसाव्या वर्षी ३५० त १, चाळिसाव्या वर्षी १०० त १ आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ३० त १. तथापि पस्तिशीच्या आतल्या मातांच्या प्रसूतीच अधिक संख्येने होत असल्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेली बहुसंख्य बालके त्यांच्याच पोटी जन्मतात. ‘तुमचे वय लहान आहे, तुम्हाला चाचणी कशाला?’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे.

‘आमच्या सात पिढ्यांत असे कोणी नाही’

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि त्याच्या पोटी कोणाचा तरी दोष शोधण्याची जी घाई असते ती इतक्या वेळा सुनेच्या अंगावर आलेली पाहिली आहे, की येथे काहीशा विस्ताराने लिहिणे मला भाग आहे. घराण्यात कोणी नसणे आणि विकार आनुवंशिक असणे यांत विरोध नाही.

डाऊन सिंड्रोमच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंचाण्णव मुलांत एकविसावे गुणसूत्र एक जास्त आलेले असते, ते बीजपेशी तयार होताना घडलेल्या आकस्मिक चुकीने. त्यात आईच्या खाण्याचा, ग्रहणाचा, जिना चढण्याचा किंवा मनाला लागलेल्या कोणत्या गोष्टीचा काडीमात्र संबंध नसतो. पुढच्या खेपेस ते पुन्हा घडण्याची शक्यता तरुण मातांत शंभरात सुमारे एक असते. उरलेल्यांत तीन-चार मुलांमध्ये ते जादा गुणसूत्र दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेले असते, आणि ही जोडणी आई किंवा बाप यांच्याकडून आलेली असू शकते. आई अशी वाहक असेल तर पुढच्या वेळची शक्यता बहुधा शंभरात दहा ते पंधरा, बाप असेल तर एक ते तीन. आणि दोन्ही एकविसावी गुणसूत्रेच परस्परांना चिकटलेली असतील तर जन्मणारे प्रत्येक मूल बाधित होते. एकाच नावाच्या विकाराला पुनरावृत्तीची इतकी भिन्न उत्तरे आहेत! म्हणून ‘चेहऱ्यावरून ओळखू आले, रक्त कशाला तपासायचे?’ हा विचार सोडून द्यावा. प्रथम मुलाच्या गुणसूत्रांची तपासणी करून अहवाल जपून ठेवावा. त्यात जोडणी दिसली तरच आईबापांची करावी.

दुसरी जात थॅलेसेमिया व सिकलसेल या रक्तविकारांची. येथे आई आणि बाप दोघेही निरोगी वाहक असतात. दोघांकडून दोषयुक्त जनुक एकाच बाळाच्या वाट्याला आले तरच आजार होतो, आणि तशी शक्यता प्रत्येक गर्भधारणेस चारांत एक असते. ‘पहिले मूल बाधित झाले, आता पुढची तीन सुटली’ ही समजूत घातक आहे. प्रत्येक खेपेस फासे नव्याने पडतात. भारतात थॅलेसेमियाचे वाहक शंभरात तीन-चार असले तरी सिंधी, पंजाबी, गुजरातेतील लोहाणा अशा काही समाजांत ते पुष्कळ अधिक आहेत. तेव्हा उल्हासनगरातील एखाद्या सिंधी कुटुंबाने देशाची सरासरी वाचून निर्धास्त राहणे योग्य होणार नाही. सिकलसेलचेही तसेच आहे: नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट येथील आदिवासींत आणि विदर्भातील आणखी काही समाजांत ते मोठ्या प्रमाणात आढळते, तर अन्यत्र डॉक्टरांनाही ते क्वचित दिसते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. तीत चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी विनामूल्य होते आणि ‘वाहक’ की ‘रुग्ण’ हे सांगणारे कार्ड मिळते. ते कार्ड रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावे.

या दोन विकारांसाठी आपण करावयाचे ते थोडक्यात असे:

- शक्यतो लग्नापूर्वी, निदान गर्भारपणाच्या पहिल्याच भेटीत, एच.पी.एल.सी. ही रक्तचाचणी करावी. थॅलेसेमियाच्या वाहकात हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण बहुधा ३.५ टक्क्यांहून अधिक निघते.
- वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर गोळ्यांचा ब्रँड बदलत बसू नये. आपण वाहक आहोत काय, ते पाहावे. मात्र लोह फार कमी असेल तर ए-२ चे प्रमाणही खोटे कमी दिसू शकते, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.
- पत्नी वाहक निघाल्यास पतीची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी. या एका दिरंगाईत गर्भनिदानाची मुदत टळून जाते.
- दोघे वाहक असले तरी लग्न मोडण्याचे कारण नाही. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान वारेच्या तपासणीने बाळाविषयी निश्चित कळते. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या कामाचा दीर्घ अनुभव आहे.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत जुनी आहे. अशा दांपत्यात जन्मदोषाचा मूळ धोका साधारण दुप्पट होतो, म्हणजे शंभरात दोन-तीनच्या ऐवजी चार-सहा. शंभरांपैकी नव्वदाहून अधिक बालके निरोगीच जन्मतात. ठरलेले लग्न या आकड्याने मोडू नये. परंतु कुळात एखादा ज्ञात विकार असेल तर हा सामान्य आकडा त्या घराला लागू नाही, आणि तेथे तपासणीवाचून पुढे जाऊ नये.

ड्युशेनसारख्या विकारात दोषयुक्त जनुक आईच्या एक्स गुणसूत्रावर असते. ती वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. पण सुमारे एक तृतीयांश प्रसंगी आई वाहक नसतेच, बदल त्या मुलात नव्याने घडलेला असतो. आईला दोषी ठरवण्यापूर्वी तिचे रक्त तपासावे, आणि ती वाहक निघाली तरीही, तिने न मागितलेल्या, न पाहिलेल्या एका जनुकाबद्दल तिला घरात जाब विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे मी प्रत्येक सासूबाईंना आणि प्रत्येक पतीला स्पष्ट शब्दांत सांगते.

जेथे आकड्यापेक्षा घड्याळ महत्त्वाचे

भारतात साधारण हजार ते दीड हजार बालकांत एकाची थायरॉईड ग्रंथी जन्मतः काम करीत नाही. बाळ दिसावयास सुदृढ असते. आणि ते मंद आहे असे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत मेंदूची हानी होऊन गेलेली असते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांत हे कळते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक स्वस्त गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखेच वाढते. गोव्याने २००८ मध्ये नवजात बालकांच्या चाळणीचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला होता. परंतु अशी सक्ती देशभर नाही, म्हणून प्रसूतिगृह सोडण्यापूर्वी आपण होऊन मागणी करावी. त्याच वेळी श्रवणचाचणीही मागावी: पहिल्या महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत श्रवणयंत्र, हा तिचा क्रम आहे.

वाढीचे टप्पे चुकण्याच्या बाबतीत ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही तिसऱ्या वर्षी बोलले’ या समजुतींनी जेवढे महिने वाया जातात तेवढे दुसऱ्या कशाने जात नसतील. पुढीलपैकी काही आढळल्यास थांबू नये:

- पाचव्या महिन्यापर्यंत मान न धरणे, दहाव्यापर्यंत आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षापर्यंत न चालणे;
- वर्ष झाले तरी हाकेला न वळणे, बोट दाखवून काही न मागणे;
- दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडून न बोलणे;
- आलेली भाषा किंवा हालचाल कोणत्याही वयात नाहीशी होणे.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. त्यांच्याकडून, किंवा थेट जाऊन, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नोंद करावी. प्रथम कान तपासून घ्यावेत. नीट ऐकू न येणाऱ्या मुलावर स्वमग्नतेचा शिक्का बसल्याची उदाहरणे आहेत. निदानाचे नाव ठरण्याची वाट न पाहता वाचा-उपचार व व्यवसायोपचार सुरू करता येतात. आणि स्वमग्नतेवर किंवा सेरेब्रल पाल्सीवर ‘स्टेम सेल’ टोचून गुण येतो असे सांगून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, काही रक्तविकार वगळता, असा उपचार रीतसर मंजूर झालेल्या संशोधनाबाहेर देता येत नाही.

कायद्याने आपणांस काय दिले आहे

- तपासणीपूर्वी समजून घेण्याचा हक्क. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, आणि १९९४ मध्ये तो केंद्राने केला. त्यानुसार गर्भजलाची वा वारेची तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते. तिचे दुष्परिणाम समजावून सांगून, आपणांस कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घेऊन, तिची नक्कल आपणांस द्यावी लागते. मराठी नमुना मागावा. गर्भाचे लिंग विचारणे आणि सांगणे, दोन्ही गुन्हे आहेत.
- गर्भपाताविषयी. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, २० ते २४ आठवड्यांत विशिष्ट कारणांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. गर्भ ठेवावा असे तिला वाटत असेल तर तो काढण्यासही तिच्यावर कोणी जबरदस्ती करू शकत नाही.
- दिव्यांगत्वाचा दाखला. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, स्नायुविकार, अध्ययन अक्षमता यांबरोबर थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेलही येतात. डाऊन सिंड्रोमचे नाव यादीत नाही, म्हणून खिडकीवरून परत पाठवलेली कुटुंबे मला भेटली आहेत. त्याचा अर्ज ‘बौद्धिक अक्षमता’ या सदराखाली करावा. दाखला व कार्ड यांसाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज भरून पोच जपावी; ठरवलेली टक्केवारी मान्य नसल्यास अपील करता येते.
- शिक्षण. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.
- अठरा वर्षांनंतरचे पालकत्व. मूल सज्ञान झाले की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना बँकेच्या खिडकीवर प्रथम कळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे दरखास्त करावी. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे.
- दुर्मिळ आजार. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात ‘इतक्या हजारांत एक’ अशी दुर्मिळतेची व्याख्या नाही. आजारांची यादी आहे. आपल्या मुलाचा आजार तीत असल्यास मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय किंवा अन्य नेमून दिलेल्या केंद्रामार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते.

भेटीस येताना

समुपदेशकाकडे येताना बाधित व्यक्तीचे सर्व मूळ अहवाल तारखेच्या क्रमाने लावून आणावेत. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची नावे, वये, लहानपणी दगावलेली मुले आणि पडलेले गर्भ लिहून आणावेत. बाधित व्यक्ती हयात नसेल तर तिची छायाचित्रे आणावीत. आणि शक्य असेल तर दोन्हीकडच्या आजींना सोबत आणावे.

ही शेवटची सूचना मी एका प्रसंगावरून देऊ लागले. सात वर्षांचा एक मुलगा, जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकीत टेकीत उभा राहणारा. आईबाप दोघेही ठामपणे सांगत होते की घराण्यात असे कोणी नाही. वंशावळीचा कागद चौकोनांनी आणि वर्तुळांनी भरत आला तरी तीत एकही काळा चौकोन, म्हणजे बाधित पुरुष, नव्हता. बाहेरच्या बाकावर मुलाच्या आईची आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत बोलावले आणि तिच्या माहेरची भावंडे विचारली. तिने पाच नावे सांगितली, मग जरा थांबून आणखी दोन. ‘ते धाकटे दोघे होते. दहाव्या-बाराव्या वर्षी उठेनासे झाले. सगळे म्हणायचे, पोलिओ झाला.’ मी तिच्या शेजारी दोन चौकोन काढून काळे केले, मग तिच्या दोन्ही मुलींच्या वर्तुळांवरून पेन्सिल फिरवली, आणि मुलाच्या आईकडे तिच्या धाकट्या बहिणीचा दूरध्वनी क्रमांक मागितला. त्या बहिणीला पाचवा महिना होता.